पुढचा चेंडू अजून पडलाच नाही

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला होता. सांगलीसाठी तो घरचाच सामना, कारण सलामीला आलेली स्मृती मानधना माधवनगरची. तिच्या ४५ धावा कधीच्या झाल्या होत्या आणि आता सगळा जीव अडकला होता तो दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्व्हार्टमध्ये. तिचं शतक झालेलं, ती आहे तोवर काही खरं नाही. दीप्ती शर्माच्या चेंडूवर तिने फटका उंच मारला, अमनज्योत कौर धावत आली, चेंडू हातात बसला, निसटला, पुन्हा निसटला आणि तिसऱ्या वेळी पक्का झाला.

आता हाच झेल दोन शेजारच्या घरांत कसा दिसतो ते बघा. एका घरात गच्चीवर डिश आहे, दुसऱ्या घरात टीव्हीला इंटरनेट जोडलंय. डिशवाल्या घरात आरडाओरडा, शिट्ट्या, फटाके सगळं उरकतं, तेव्हा इंटरनेटवाल्या घरात दीप्तीने रनअप सुद्धा घेतलेला नसतो. आणि कधी कधी चेंडू नेमका हवेत असताना पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागतं. मग रिमोटवर राग, राउटरवर राग, कंपनीवर राग. मला मात्र या दोन्ही गोष्टींचं, उशिराचं आणि त्या चक्राचं, फार कुतूहल वाटतं, कारण त्यांचं मूळ एकच आहे.

आधी उशिराचं बघू. डिशचा सिग्नल जमिनीवरून ३५,७८६ किलोमीटर वर उपग्रहाकडे जातो आणि तितकाच खाली येतो. एकूण प्रवास ७१ हजार किलोमीटरहून जास्त. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, तरी या खेपेला साधारण पाव सेकंद लागतो. इंटरनेटचं चित्र मुंबईहून सांगलीला काचेच्या तारेतून येतं. अंतर पावणेचारशे किलोमीटर धरा. काचेत प्रकाश जरा मंदावतो, सेकंदाला दोन लाख किलोमीटर. म्हणजे सांगली गाठायला त्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो आणि साताऱ्याला त्याहून कमी. जवळून आणि कितीतरी आधी पोचणारं चित्र आपल्याला वीस, तीस, कधी चाळीस सेकंद उशिरा दिसतं. ते रस्त्यात रेंगाळत नाही. हा सगळा वेळ दोन टोकांना जातो, पाठवणाऱ्याच्या हातात आणि आपल्या टीव्हीच्या पोटात.

पाठवणाऱ्याच्या टोकाला काय चालतं? पूर्ण एचडी चित्रात २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केलात तर सेकंदाला १२४ कोटी बिट होतात. घरात येतात ते सुमारे ६० लाख. दोनशेतला एकच भाग पाठवला जातो आणि तरी आपल्याला स्मृतीच्या हेल्मेटची जाळी स्पष्ट दिसते. हे जमतं कारण संगणक पूर्ण चित्र मधूनमधूनच पाठवतो. एरवी तो फक्त काय बदललं तेवढंच सांगतो. हिरवळ होती तिथेच आहे, खेळपट्टी तिथेच आहे, गोलंदाज एवढी सरकली. म्हणून मैदान शांत असताना चित्र सुंदर दिसतं आणि सामना जिंकल्यावर वरून चकचकीत कागदाचे तुकडे उधळले की चेहऱ्यांचे चौकोन होतात. हजारो तुकडे हजार दिशांनी उडताना ‘काय बदललं’ याची यादी मावेनाशी होते. त्या वेळी टीव्ही खराब झालेला नसतो आणि नेटही. बदल ओळखायला संगणकाला पुढची-मागची काही चित्रं शेजारी ठेवावी लागतात, म्हणजे तिथे थोडं थांबणं आलंच. त्यात हेच चित्र मोठं, मध्यम, लहान अशा पाच-सहा प्रतींत बनवायचं असतं, कारण जतच्या एखाद्या वस्तीवर मोबाईलवर बघणाऱ्यालाही ते पोचायला हवं.

मग येते ती खरी गंमत. आपण म्हणतो ‘स्ट्रीमिंग’ आणि डोळ्यांसमोर वाहतं पाणी येतं. प्रत्यक्षात काहीच वाहत नाही. सामन्याचे दोन, चार, सहा सेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकडा ही एक स्वतंत्र छोटी फाईल असते, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या व्हिडिओसारखीच. टीव्हीतलं ॲप दर काही सेकंदांनी एक यादी मागवतं, यादीत नवा तुकडा दिसला की तो मागतं, आला की आधीच्याला जोडून दाखवतं. ॲपलने २००९ साली ही पद्धत आणली आणि आज जवळपास सगळं थेट प्रक्षेपण याच किंवा हिच्या चुलत पद्धतीने चालतं. सहा सेकंदांचा तुकडा सहा सेकंद उलटल्याशिवाय पुरा होणार नाही. आणि ॲप शहाणं असतं. हातात तीनेक तुकडे जमल्याशिवाय ते दाखवायला सुरुवात करत नाही. सहा त्रिक अठरा सेकंद इथेच गेले.

आता सिनेमा आणि सामना यांतला फरक लक्षात येईल. सिनेमा आधीच बनून तयार आहे. नेट चांगलं असेल तेव्हा ॲप पुढचे कितीतरी तुकडे ओढून ठेवतं, मग दोन मिनिटं नेट गेलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. बुट्टीत भाकऱ्यांची चळत तयार आहे, चूल विझली तरी पंगत उठत नाही. सामना म्हणजे तव्यावरून थेट ताटात. बुट्टीत फार तर दोन-तीन, आणि चौथी अजून थापलेलीच नाही. जगातलं कितीही वेगवान नेट आणा, पुढचा चेंडू अजून पडलेलाच नाही, तर तो साठवणार कुठून? म्हणूनच ज्या घरात सिनेमा लोण्यासारखा चालतो त्याच घरात सामना अडखळतो. ‘बाकी सगळं चालतं, मॅचलाच काय होतं?’ हा प्रश्न साताऱ्यापासून मिरजेपर्यंत घरोघरी विचारला जातो, त्याचं उत्तर हे. सामन्याची शिल्लक पंधरा-वीस सेकंदांची. लाईनमध्ये त्याहून मोठी खोट आली की चक्र फिरणार.

यातून एक युक्ती निघते आणि ती मी सगळ्यांना सांगत असतो. सामना सुरू झाला की मुद्दाम अर्धा-पाऊण मिनिट पॉज करा आणि मग चालू करा. ज्या ॲपमध्ये सामना मागे नेता येतो तिथे आता तुम्ही खऱ्या वेळेच्या आणखी मागे असता. म्हणजे तुमच्या पुढचे तुकडे तयार असतात आणि ॲपला ते ओढून ठेवता येतात. अडखळणं पुष्कळदा तिथेच थांबतं. किंमत एवढीच की तुमचा सामना आणखी थोडा उशिरा. त्यानंतर ‘लाईव्ह’ असं लिहिलेलं लाल बटण दाबायचं नाही. ते दाबलं की जमवलेली सगळी शिल्लक आपण आपल्या हाताने टाकून देतो.

चित्राचे असे तुकडे पाडायचे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उपग्रहाला खाली बघणारे दहा आहेत की दहा कोटी, काही फरक पडत नाही. पाऊस जसा सगळ्यांच्या अंगणात पडतो तसा त्याचा सिग्नल पडतो. इंटरनेटवर मात्र प्रत्येक घर आपापलं चित्र स्वतः मागतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या पुरुष विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक एकाच ॲपवर होते. प्रत्येकाला सेकंदाला २० लाख बिट जरी द्यायचे म्हटले तरी एकूण ११८ टेराबिट होतात. एका जागेवरून हे वाटणं केवळ अशक्य. फाईलच असल्यामुळे तिच्या नकला करता येतात. देशभर मोठ्या शहरांत, नेट कंपन्यांच्या स्वतःच्या केंद्रांत नकला ठेवणारे संगणक असतात. सांगलीतल्या पहिल्या घराने तुकडा मागितला की तो जवळच्या केंद्रात येऊन बसतो आणि त्याच सेकंदाला मागणाऱ्या पुढच्या हजारो घरांना तिथूनच मिळतो. तुमच्या टीव्हीचं मैदानाशी बोलणं कधी होतच नाही. अमनज्योतचा झेल तुम्ही पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी थंडगार खोलीतल्या नकलेवरून बघितलेला असतो.

इतकी अवाढव्य यंत्रणा सहसा बिघडत नाही. बिघडलीच तर सगळ्यांचीच बिघडते आणि पाच मिनिटांत मित्रांच्या ग्रुपवर कळतं. बहुतेक वेळा घोडं अडतं ते शेवटच्या दहा मीटरमध्ये, राउटरपासून टीव्हीपर्यंत.

वायफायच्या जुन्या पट्ट्यातली लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची, नव्या ‘पाच गिगा’ पट्ट्यातली त्याच्या निम्म्याहून लहान. नव्या पट्ट्यातून जास्त माहिती जाते, पण त्याची लहान लहर भिंत पार करताना दमते. साताऱ्याच्या जुन्या पेठांत काळ्या दगडाच्या दोन-दोन फुटी भिंतींचे वाडे अजून उभे आहेत. तिथे माजघरातला राउटर सोप्यातल्या टीव्हीला पाच गिगावर गाठेल ही आशाच करू नये. सांगलीत विश्रामबागच्या अपार्टमेंटमध्ये अडचण उलटी आहे. भिंती पातळ, पण वायफायची यादी उघडली की पंधरा-वीस नावं दिसतात. जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच आहेत, १, ६ आणि ११. आणि वायफायची रीत अशी की बोलण्याआधी ऐकायचं. दुसरं कुणी बोलत असेल तर गप्प राहायचं, मग पुन्हा ऐकायचं. पंधरा घरांचे राउटर एकमेकांचं ऐकत आणि थांबत बसलेले असतात. म्हणून टीव्हीवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असूनही चित्र थांबतं. काड्या सांगतात आवाज किती मोठा येतोय ते. खोलीत गलका किती आहे ते त्या सांगत नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे स्वयंपाकघरात दूध गरम व्हायला लागलं की दिवाणखान्यात चित्र अडकतं, हा योगायोग नसतो.

राउटर आपण कुठे ठेवतो तेही बघण्यासारखं आहे. वायर जिथे आत आली तिथे, बहुतेक माळ्यावर, इन्व्हर्टरशेजारी, नाहीतर टीव्हीच्याच पाठीमागे. लोखंडी कपाटाआड ठेवलेला राउटर म्हणजे पोत्यात घातलेला दिवा. तो मोकळ्या जागी, छातीच्या उंचीवर, घराच्या मध्याकडे आणला तरी निम्मी तक्रार मिटते. आणि शक्य असेल तर सगळ्यात पक्का उपाय जुनाच आहे, राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढणे. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट शंभर एमबीपीएसचंच असतं, त्याने घाबरायचं कारण नाही. फोर-के सामन्यालाही पंचवीसच्या वर क्वचितच लागतात. शंभरेक रुपयांच्या वायरीपुढे महागडा राउटर फिका पडताना मी पाहिलाय आणि दर वेळी मला त्याचा आनंद होतो.

दोष कुठे आहे हे शोधायला मोबाईल पुरतो. सामना अडखळायला लागला की मोबाईल त्याच वायफायवर ठेवून राउटरच्या शेजारी उभं राहा आणि तोच सामना लावा. तिथे नीट चालला तर लाईन ठणठणीत आहे, दोष वायफायच्या वाटेत किंवा टीव्हीत. तिथेही अडखळला तर मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर लावा. आता चालला तर दोष लाईनचा किंवा राउटरचा. तरीही अडखळला आणि यूट्यूब वगैरे बाकी सगळं नीट चालत असेल, तर ॲपवाल्यांच्या बाजूला काहीतरी आहे, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. तीन मिनिटांचं काम आहे, पण आपण ते सोडून आधी स्पीड टेस्ट करतो. स्पीड टेस्ट शंभर दाखवते आणि आपण चक्रावतो. ती सरासरी सांगते. सामन्याला हवेत सहाच, म्हणजे मघाचे ६० लाख बिट, पण ते सहा प्रत्येक क्षणाला हवेत. दर मिनिटाला वीस सेकंद शून्य आणि बाकी वेळ दीडशे, अशा लाईनचीही सरासरी शंभरच येते.

आणखी एक छुपा चोर आहे, अपलोड. ॲप तुकडा मागतं ती मागणीही बाहेर जाते. घरात कुणी लग्नाचे चार हजार फोटो क्लाऊडवर चढवत असेल, किंवा दारावरचा कॅमेरा दिवसरात्र चित्र पाठवत असेल, तर राउटरच्या दाराशी रांग लागते आणि सामन्याची इवलीशी चिठ्ठी त्या रांगेत शेवटी उभी राहते. येण्याचा रस्ता मोकळा असूनही चित्र थांबतं, कारण बोलावणंच पोचलेलं नाही.

टीव्हीकडेही थोडं बघावं. स्वस्त स्मार्ट टीव्हीत एक जीबी मेमरी असते आणि रिमोटवरचं बटण दाबून आपण तो ‘बंद’ करतो तेव्हा तो फक्त झोपतो, आतली ॲप तशीच. म्हणून प्लग काढून अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावण्याने खरंच फरक पडतो, तो टोटका नाही. बराच वेळ लाईट जाऊन आल्यावर एखादं ॲप उघडायलाच तयार होत नसेल तर टीव्हीतली तारीख बघा. घड्याळ मागे गेलं असेल तर समोरच्या संगणकाचं प्रमाणपत्र टीव्हीला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि तो दार उघडत नाही.

घराबाहेरची गोष्ट सुरू होते ती राउटरमागून येणाऱ्या पिवळ्या किंवा काळ्या बारीक वायरीपासून. रस्त्यातून येणारा एक काचेचा धागा ३२ किंवा ६४ घरांना वाटून दिलेला असतो. वाटणाऱ्या डबीला वीज लागत नाही, ती प्रकाशाच्याच वाटण्या करते. त्या धाग्यावरून सेकंदाला सुमारे २५० कोटी बिट येतात आणि ते सगळेच्या सगळे प्रत्येक घरात जातात. शेजारच्या घरातल्या मालिकेचा प्रकाशही तुमच्या घरातल्या फायबरच्या डब्यात येतो. डबा आपल्या नावाचं तेवढं उचलतो, बाकीचं कुलूपबंद असतं, ते सोडून देतो. वाटण्या होत होत घरात पोचलेला प्रकाश वॅटच्या काही दशलक्षांश भागाइतका क्षीण उरतो. तंत्रज्ञ मीटर लावतो तेव्हा उणे १८, उणे २२ असे आकडे दिसतात. उणे २७ च्या खाली गेला की डब्याला नीट वाचता येत नाही. कपाटामागे वायर काटकोनात दुमडली, तिच्यावर पलंगाचा पाय आला, तर प्रकाश त्या वळणावर काचेतून बाहेर सांडतो आणि आकडा घसरतो. लाईन पूर्ण तुटत नाही, फक्त मधूनमधून दगा देते. हा दोष ओळखायला सगळ्यात अवघड.

सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत केबल तुटण्याचा म्हणून एक हंगाम असतो. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूसच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात. ऊस वर इतका रचलेला असतो की खांबाखांबांवरून आडवी गेलेली केबल त्यात अडकते आणि तुटते. उरलेलं काम रस्ता रुंदीकरणाचे जेसीबी करतात. मग रात्री डोक्याला टॉर्च बांधून एक माणूस रस्त्याकडेला मांडी घालून बसतो. त्याच्या हातातला धागा सव्वाशे मायक्रॉन जाडीचा आणि त्यातला प्रकाश जाण्याचा गाभा अवघा नऊ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. तो धागा सोलतो, अल्कोहोलने पुसतो, टोक सरळ कापतो आणि दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवतो. छोट्या पडद्यावर दोन्ही टोकं मोठी होऊन दिसतात, मशीन त्यांना स्वतः सरकवून एका रेषेत आणतं, विजेची एक ठिणगी पडते आणि काच वितळून एक होते. ट्रॅक्टरच्या धुरळ्यात, नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर गाभा बसवणारी ही माणसं बघताना मी थांबतोच.

पावसाचं मात्र इंटरनेटवाल्यांना फार भय नाही. डिशच्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात, म्हणून वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात जुलैत डिश वारंवार आंधळी होते. त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात वर्षभरात पाचशेच्या आसपास पडतो, तिथे हा त्रास क्वचित. काचेच्या आतल्या प्रकाशाला बाहेर पाऊस आहे याची खबरच नसते. नेटचा शत्रू पाणी नसून वीज जाणं हा आहे. राउटर आणि फायबरच्या डब्याला मिळून वीस वॅटही लागत नाहीत. एक छोटा बारा व्होल्टचा यूपीएस त्यांना दोन-तीन तास जगवतो, अर्थात पलीकडच्या केंद्रालाही वीज असेल तर.

संध्याकाळी सगळ्यांचंच नेट जरा जड होतं, कारण सगळी घरं एकाच वेळी मागायला लागतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याची रीत पाडली, ती मुलांच्या अभ्यासासाठी. बाकी गावांनी गर्दीच्या वेळी चित्राची प्रत ‘ऑटो’वरून काढून स्वतः एक पायरी खाली, ७२० वर ठेवून बघावी. वरची प्रत झेपते का हे ॲप सारखं चाचपत राहतं, त्या चाचपण्यातच कित्येकदा चित्र अडतं.

आणि तक्रार करायची वेळ आलीच तर ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाहीये, राउटर दहा वेळा बंद-चालू करून तो येणार नाही. तो लाल दिवा लागलेला नाही पण सामना राउटरशेजारीही थांबतो, असं असेल तर तसं सांगा आणि प्रकाशाची पॉवर किती येते ते मीटर लावून बघायला सांगा. शेजाऱ्यांचंही गेलंय का तेही विचारून ठेवा. एकट्याचं गेलं असेल तर दोष तुमच्या खांबापासून घरापर्यंतच्या वायरीत, गल्लीचं गेलं असेल तर वाटणाऱ्या डबीत किंवा तिच्याही मागे. एवढं फोनवर कळलं की येणारा माणूस नवा राउटर घेऊन येण्याऐवजी शिडी आणि जोडणीचं मशीन घेऊन येतो.